प्रवेशबंदी (शेंगेन क्षेत्र)

शेंगेन क्षेत्रातील प्रवेशबंदी म्हणजे युरोपीय संघाचे नागरिकत्व नसलेल्या व्यक्तीला ठरावीक मुदतीसाठी शेंगेन देशांच्या भूमीवर प्रवेश करण्यास व तेथे राहण्यास मनाई करणारा प्रशासकीय किंवा न्यायालयीन निर्णय होय. असा निर्णय बहुधा देश सोडण्याच्या आदेशाला जोडून दिला जातो. तो एकाच देशाने दिलेला असला, तरी त्याची नोंद सामायिक संगणकीय प्रणालीत होत असल्यामुळे त्याचा परिणाम शेंगेन क्षेत्रातील सर्व, म्हणजे २९ देशांत होतो. या बंदीचे नियमन प्रामुख्याने युरोपीय संघाच्या २००८ सालच्या परतीविषयक निर्देशाने (क्रमांक २००८/११५) होते. बंदीविरुद्ध अपील करण्याचा, ती मागे घेण्याची वा स्थगित करण्याची विनंती करण्याचा आणि प्रणालीतील चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्याचा अधिकार संबंधित व्यक्तीला कायद्याने दिलेला आहे.

## पार्श्वभूमी

१४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन या गावी पाच देशांनी आपापसांतील सीमांवरील तपासणी टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा करार केला. त्याची अंमलबजावणी ठरवणारा करारनामा १९ जून १९९० रोजी झाला आणि २६ मार्च १९९५ पासून प्रत्यक्ष लागू झाला. अंतर्गत तपासणी बंद झाल्यावर एका देशाने नाकारलेली व्यक्ती शेजारच्या देशातून सहज आत येऊ शकली असती. ही शक्यता टाळण्यासाठी प्रवेश नाकारावयाच्या व्यक्तींची सामायिक यादी आवश्यक ठरली आणि त्यातून शेंगेन माहिती प्रणाली उभी राहिली. तिचा मध्यवर्ती संगणक फ्रान्समधील स्त्रासबुर्ग येथे असून राखीव केंद्र ऑस्ट्रियात आहे.

सुरुवातीच्या काळात बंदी कोणावर घालावयाची आणि किती वर्षांसाठी घालावयाची, हे प्रत्येक देश स्वतःच्या कायद्यानुसार ठरवीत असे. काही देशांत मुदत नसलेली बंदीही घातली जाई. १६ डिसेंबर २००८ रोजी संमत झालेल्या परतीविषयक निर्देशाने प्रथमच समान व्याख्या, कमाल मुदत आणि दाद मागण्याचा हक्क निश्चित केला. सदस्य देशांनी त्यातील बहुतांश तरतुदी २४ डिसेंबर २०१० पर्यंत आपापल्या कायद्यांत आणणे बंधनकारक होते. युरोपीय संघाचे सदस्य नसलेले आइसलँड, नॉर्वे, स्वित्झर्लंड व लिश्टनस्टाइन हे शेंगेन देशही या व्यवस्थेत सहभागी आहेत; आयर्लंड मात्र तिच्या बाहेर आहे.

## इतर निर्णयांहून वेगळेपण

व्यवहारात चार वेगवेगळ्या निर्णयांना सरसकट ‘बंदी’ म्हटले जाते. त्यांचे परिणाम आणि त्यांवरील उपाय भिन्न असल्यामुळे हा फरक महत्त्वाचा आहे.

व्हिसा नाकारणे: हा निर्णय केवळ एका अर्जापुरता असतो. त्याने पुढील अर्जावर कायदेशीर मनाई येत नाही.

सीमेवर प्रवेश नाकारणे: विमानतळावर किंवा अन्य बाह्य सीमेवर प्रवेशाच्या अटी पूर्ण न झाल्यास व्यक्तीला परत पाठवले जाते. त्यासाठी ठरावीक नमुन्यातील पत्र दिले जाते व त्यावर कारण दर्शवणाऱ्या अक्षरापुढे खूण केलेली असते. उदाहरणार्थ, ‘सी’ म्हणजे वैध व्हिसा नसणे, ‘एफ’ म्हणजे १८० दिवसांपैकी अनुज्ञेय ९० दिवस आधीच संपलेले असणे, तर ‘एच’ म्हणजे प्रणालीत प्रवेश नाकारण्याची नोंद असणे. यांपैकी केवळ ‘एच’ हे अक्षर आधीपासून असलेल्या बंदीकडे निर्देश करते.

परतीचा आदेश: बेकायदा वास्तव्य करणाऱ्या व्यक्तीने देश सोडावा, असे सांगणारा हा आदेश असतो. स्वेच्छेने निघून जाण्यासाठी सामान्यतः ७ ते ३० दिवस दिले जातात.

प्रवेशबंदी: ही परतीच्या आदेशासोबत येते आणि भविष्यातील प्रवेशावर ठरावीक काळ मनाई करते.

भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन क्षेत्रात अल्पकाळ जाण्यासाठीही व्हिसा लागतो. त्यामुळे त्यांच्या बाबतीत जुनी बंदी पुष्कळदा युरोपच्या सीमेवर नव्हे, तर मुंबई किंवा दिल्ली येथून केलेल्या व्हिसा अर्जाच्या वेळी उघड होते. व्हिसा नाकारल्याच्या ठरावीक नमुन्यात प्रणालीतील नोंद हे स्वतंत्र कारण असून ती नोंद कोणत्या देशाने केली, हेही त्यात लिहावे लागते. पुढील उपाययोजना त्या देशाच्या अधिकाऱ्यांकडे करावयाची असल्यामुळे अर्जदारासाठी ही माहिती सर्वांत उपयोगी ठरते.

## बंदी केव्हा घातली जाते

परतीविषयक निर्देशाच्या ११ व्या अनुच्छेदानुसार दोन परिस्थितींत बंदी घालणे बंधनकारक आहे: स्वेच्छेने जाण्यासाठी मुदतच दिलेली नसेल तेव्हा, किंवा दिलेल्या मुदतीत व्यक्तीने देश सोडला नसेल तेव्हा. व्यक्ती पळून जाण्याचा धोका असल्यास, तिचा वास्तव्याचा अर्ज उघडपणे निराधार वा फसवा ठरल्यास, अथवा तिच्यापासून सार्वजनिक सुरक्षेला धोका असल्यास मुदत नाकारता येते. अन्य प्रकरणांत बंदी घालणे देशाच्या विवेकावर सोपवलेले आहे. व्हिसाची मुदत उलटून काही दिवस अधिक राहिलेल्या प्रत्येक व्यक्तीवर आपोआप बंदी येते, हा समज त्यामुळे बरोबर नाही. तथापि तसे वास्तव्य परतीच्या आदेशाला व त्यायोगे बंदीला कारणीभूत होऊ शकते.

मानवी व्यापाराला बळी पडलेल्या आणि तपासात सहकार्य केल्यामुळे वास्तव्याचा परवाना मिळालेल्या व्यक्तींवर सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न नसल्यास बंदी घालता येत नाही. मानवतावादी कारणास्तव एखाद्या प्रकरणात बंदी न घालण्याची वा ती मागे घेण्याची मुभाही देशांना आहे. आंतरराष्ट्रीय संरक्षण मागण्याचा हक्क बंदीमुळे संपुष्टात येत नाही.

संघाच्या नागरिकांच्या कुटुंबीयांना वेगळा व अधिक संरक्षक नियम लागू होतो. २००४ सालच्या निर्देशानुसार (क्रमांक २००४/३८) त्यांच्या बाबतीत व्यक्तीच्या स्वतःच्या वर्तनातून समाजाला खरा, वर्तमान आणि पुरेसा गंभीर धोका असल्याचे दाखवावे लागते. केवळ पूर्वीची शिक्षा पुरेशी नसते. अल्जीरियाच्या दोन नागरिकांचे विवाह स्पॅनिश नागरिकांशी झाले होते. त्यांची नावे प्रणालीत असल्याच्या एकमेव कारणावरून स्पेनने त्यांना प्रवेश नाकारला. ३१ जानेवारी २००६ रोजी युरोपीय न्यायालयाने (खटला सी-५०३/०३) स्पेनची ही कृती बेकायदा ठरवली. नोंद कशाच्या आधारे झाली आणि तिच्यामागे खरोखर गंभीर धोका आहे का, याची चौकशी स्पेनने आधी करावयास हवी होती, असे न्यायालयाने म्हटले.

## मुदत

बंदीची मुदत प्रत्येक प्रकरणातील परिस्थिती पाहून ठरवावी लागते आणि ती तत्त्वतः ५ वर्षांहून अधिक असू शकत नाही. सार्वजनिक सुव्यवस्था, सार्वजनिक सुरक्षा अथवा राष्ट्रीय सुरक्षेला गंभीर धोका असल्यास ही मर्यादा ओलांडता येते. जर्मनीच्या वास्तव्य कायद्याच्या ११ व्या कलमात या तत्त्वाचे ठळक टप्पे आढळतात: सर्वसाधारण मर्यादा ५ वर्षे, गुन्ह्याची शिक्षा झालेल्या किंवा गंभीर धोका असलेल्या प्रकरणांत सामान्यतः १० वर्षांपर्यंत आणि दहशतवाद वा युद्धगुन्ह्यांच्या प्रकरणांत २० वर्षे.

अमर्याद बंदीचा प्रश्न १९ सप्टेंबर २०१३ च्या निकालाने (सी-२९७/१२) सुटला. या प्रकरणातील एका व्यक्तीला १९९० च्या दशकात जर्मनीतून हद्दपार करण्यात आले होते. २०१२ साली ऑस्ट्रियाच्या सीमेवरून ती पुन्हा जर्मनीत आली, तेव्हा जुन्या बंदीचा भंग केल्याबद्दल तिच्यावर कारवाई झाली. तत्कालीन जर्मन कायद्यात मुदत घालून मिळण्यासाठी व्यक्तीने स्वतः अर्ज करणे आवश्यक होते. अर्ज न केल्यास बंदी कायम राही. न्यायालयाने ही पद्धत अमान्य केली. मुदत निश्चित करणे हे राज्याचे कर्तव्य असून ते व्यक्तीच्या अर्जावर अवलंबून ठेवता येत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला.

### मुदतीची सुरुवात

मुदत कोणत्या दिवसापासून मोजावयाची, या प्रश्नावर पुष्कळ गैरसमज आढळतात. नेदरलँड्समध्ये २००२ साली एका व्यक्तीला १० वर्षांसाठी अवांछित परदेशी घोषित करण्यात आले. ती व्यक्ती देश सोडून गेलीच नाही. २०११ व २०१२ मधील वास्तव्याबद्दल खटला भरला गेला, तेव्हा बंदी आदेशाच्या दिवसापासून सुरू होऊन पाच वर्षांनी संपली होती, असा बचाव करण्यात आला. २६ जुलै २०१७ रोजी (सी-२२५/१६) युरोपीय न्यायालयाने तो स्वीकारला नाही. व्यक्तीने सदस्य देशांची भूमी प्रत्यक्ष सोडल्याच्या दिवसापासूनच बंदीची मुदत धावू लागते. तोपर्यंत तिचे वास्तव्य परतीच्या आदेशाच्या कक्षेत येते.

या निकालाचा व्यावहारिक अर्थ असा की, आदेश मिळाल्यावर लपून काढलेली वर्षे मुदतीत धरली जात नाहीत. त्याचबरोबर बाहेर पडल्याची तारीख सिद्ध करता येणे आवश्यक ठरते. त्यासाठी पारपत्रावरील निर्गमनाचा शिक्का, विमानाचा बोर्डिंग पास, मायदेशातील आगमनाचा शिक्का किंवा मायदेशातील संबंधित वकिलातीत प्रत्यक्ष हजर राहून घेतलेले पत्र उपयोगी पडते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या आगमन-निर्गमन प्रणालीत शिक्क्यांऐवजी संगणकीय नोंद ठेवली जाते.

## शेंगेन माहिती प्रणालीतील नोंद

प्रणालीची सध्याची आवृत्ती ७ मार्च २०२३ रोजी कार्यान्वित झाली. परतीचा आदेश मिळालेली व्यक्ती क्षेत्रात असेपर्यंत तिच्या नावापुढे ‘परती’ची नोंद असते. ती बाहेर गेल्याचे निश्चित झाल्यावर परतीची नोंद काढली जाते आणि बंदी असल्यास प्रवेश नाकारण्याची नोंद केली जाते. परतीच्या आदेशाशी संबंध नसलेल्या, परंतु सुरक्षेला धोका मानल्या गेलेल्या व्यक्तींचीही अशी नोंद होऊ शकते. नोंद करण्यापूर्वी तिची आवश्यकता आणि प्रमाणबद्धता तपासणे देशांवर बंधनकारक आहे. तसेच ती कायम ठेवण्याची गरज सामान्यतः ३ वर्षांच्या आत आणि मूळ निर्णयाची मुदत त्याहून मोठी असल्यास ५ वर्षांच्या आत पुन्हा तपासावी लागते.

एका देशाने बंदी घातलेल्या व्यक्तीकडे दुसऱ्या शेंगेन देशाचा वास्तव्य परवाना असू शकतो. फिनलंडने बंदी घातलेल्या आणि स्पेनचा परवाना असलेल्या एका नायजेरियन नागरिकाच्या प्रकरणात (सी-२४०/१७, १६ जानेवारी २०१८) न्यायालयाने दोन्ही देशांनी सल्लामसलत करणे आवश्यक ठरवले. परवाना देणाऱ्या देशाने तो कायम ठेवल्यास सामायिक नोंद मागे घ्यावी लागते; बंदी घालणारा देश ती केवळ स्वतःपुरत्या राष्ट्रीय यादीत ठेवू शकतो.

## अपील आणि अन्य उपाय

### निर्णयाचे स्वरूप

निर्णय लेखी असावा, त्यात वस्तुस्थितीची व कायद्याची कारणे असावीत आणि उपलब्ध उपायांची माहिती द्यावी, असे निर्देशाचा १२ वा अनुच्छेद सांगतो. राष्ट्रीय सुरक्षेसारख्या कारणांसाठी काही तपशील वगळता येतो. मागणी केल्यास निर्णयातील मुख्य मुद्द्यांचा व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत लेखी किंवा तोंडी अनुवाद मिळतो. कारणे माहीत नसतील तर त्यांचे खंडन करता येत नाही. म्हणून मूळ आदेशाची प्रत मिळवणे ही अपिलाची पहिली पायरी मानली जाते.

### अपील

१३ व्या अनुच्छेदानुसार न्यायालय, प्रशासकीय प्राधिकरण किंवा निःपक्षपाती व स्वतंत्र सदस्यांचे मंडळ यांच्यापुढे प्रभावी दाद मागता येते. त्या संस्थेला निर्णयाची अंमलबजावणी तात्पुरती थांबवण्याचाही अधिकार असतो. कायदेशीर सल्ला, प्रतिनिधित्व आणि आवश्यक तेथे दुभाषी मिळू शकतो. पात्र व्यक्तीला मागणीनुसार मोफत कायदेशीर साहाय्य द्यावे लागते.

अपिलाचे न्यायालय व मुदत प्रत्येक देशाच्या कायद्यानुसार ठरते. जर्मनीत प्रशासकीय निर्णयाला आव्हान देण्याची सर्वसाधारण मुदत निर्णय हाती पडल्यापासून एक महिना असते. आश्रयाच्या प्रकरणांत ती याहून कमी असते. आदेशात उपायांची माहिती दिली नसेल किंवा ती चुकीची असेल, तर ही मुदत एक वर्षापर्यंत वाढते. तेथे केवळ दावा दाखल केल्याने बंदी थांबत नाही. स्थगितीसाठी प्रशासकीय न्यायालयात वेगळा तातडीचा अर्ज करावा लागतो. सीमेवर प्रवेश नाकारल्याच्या निर्णयाविरुद्ध केलेल्या अपिलानेही त्या निर्णयाला स्थगिती मिळत नाही, म्हणजे व्यक्तीला आधी परतावे लागते.

### अपिलाचे प्रमुख आधार

म्हणणे न ऐकणे: परतीच्या आदेशापूर्वी व्यक्तीला आपली बाजू मांडण्याची वास्तविक संधी मिळाली पाहिजे, हे युरोपीय न्यायालयाने २०१४ मधील दोन निकालांत (सी-१६६/१३ व सी-२४९/१३) स्पष्ट केले. मात्र केवळ प्रक्रियेतील त्रुटी पुरेशी नसते. ती नसती तर निर्णय वेगळा लागू शकला असता, हे दाखवावे लागते.

प्रमाणबद्धतेचा अभाव: सर्वांना एकाच साच्याने कमाल मुदत लावल्यास ‘प्रत्येक प्रकरणातील परिस्थिती’ या अटीचा भंग होतो. वास्तव्य किती काळ बेकायदा होते, त्याचे कारण काय, व्यक्तीने सहकार्य केले का, हे प्रश्न येथे महत्त्वाचे असतात.

कौटुंबिक जीवन, मुलांचे हित आणि आरोग्य: निर्देशाचा ५ वा अनुच्छेद या तिन्ही बाबींचा विचार सक्तीचा करतो. ज्या देशात छळाचा धोका आहे तेथे परत न पाठवण्याचे तत्त्वही तो पाळावयास लावतो. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने स्वित्झर्लंडविरुद्धच्या २००१ सालच्या आणि नेदरलँड्सविरुद्धच्या २००६ सालच्या निकालांत तपासावयाचे निकष घालून दिले. गुन्ह्याचे गांभीर्य, देशातील वास्तव्याचा काळ, गुन्ह्यानंतरचे वर्तन, विवाहाचा काळ, मुलांचे वय व हित आणि दोन्ही देशांशी असलेले संबंध यांचा त्यांत समावेश होतो. ८ मे २०१८ च्या निकालानुसार (सी-८२/१६) संघाच्या नागरिकाच्या कुटुंबीयाचा एकत्र राहण्याचा अर्ज केवळ बंदी आहे म्हणून, परस्परावलंबित्व न तपासता, फेटाळता येत नाही.

ओळखीची चूक: नाव, जन्मतारीख किंवा पारपत्राच्या साधर्म्यामुळे, तसेच चोरलेल्या ओळखपत्राच्या वापरामुळे निरपराध व्यक्ती अडचणीत येऊ शकते. अशा व्यक्तीच्या संमतीने प्रणालीत तिची स्वतंत्र माहिती जोडण्याची सोय आहे. त्यामुळे ती व नोंदीतील व्यक्ती भिन्न असल्याचे सीमेवर तत्काळ कळू शकते.

### बंदी मागे घेणे किंवा कमी करणे

अपिलाची मुदत संपल्यानंतरही हा मार्ग खुला राहतो. बंधनकारक नसताना देशाच्या विवेकानुसार बंदी घातलेल्या व्यक्तीने परतीच्या आदेशाचे पूर्ण पालन करून क्षेत्र सोडल्याचे सिद्ध केले, तर बंदी मागे घेण्याचा वा स्थगित करण्याचा विचार करणे देशांवर बंधनकारक आहे. जर्मन कायद्यात व्यक्तीच्या संरक्षणार्ह हितासाठी किंवा बंदीचा हेतू उरला नसल्यास ती उठवता वा कमी करता येते. अनिवार्य कारणासाठी किंवा अनुचित कठोरपणा टाळण्यासाठी, बंदी कायम ठेवून अल्पकाळाच्या प्रवेशाची परवानगीही अपवादाने मिळते. हद्दपारीचा खर्च संबंधित व्यक्तीकडून वसूल करण्याची तरतूद असल्यामुळे थकीत रकमेचा प्रश्न अशा वेळी उपस्थित होतो. संघाच्या नागरिकांच्या कुटुंबीयांना वाजवी काळानंतर, आणि कोणत्याही परिस्थितीत ३ वर्षांनंतर, बंदी उठवण्याचा अर्ज करता येतो. त्यावर ६ महिन्यांत निर्णय द्यावा लागतो.

### माहिती मिळवणे आणि नोंद पुसणे

आपले नाव प्रणालीत आहे का, हे जाणण्याचा आणि चुकीची माहिती दुरुस्त करण्याचा वा बेकायदा नोंद पुसण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहे. हा अर्ज क्षेत्रातील कोणत्याही देशाकडे करता येतो. नोंद दुसऱ्या देशाची असल्यास दोन्ही देशांची कार्यालये परस्परांशी संपर्क साधतात. जर्मनीत असे अर्ज संघीय गुन्हे अन्वेषण कार्यालयाकडे जातात. सुरक्षेच्या कारणास्तव माहिती अंशतः वा पूर्णतः नाकारली जाऊ शकते. त्याविरुद्ध माहिती संरक्षण प्राधिकरणाकडे तक्रार करता येते किंवा न्यायालयात जाता येते. मात्र नोंद ही मूळ निर्णयाची केवळ छाया असते. मूळ बंदी वैध असेपर्यंत निव्वळ नोंदीविरुद्धच्या तक्रारीने ती नाहीशी होत नाही.

## बंदीचा भंग

बंदी असताना प्रवेश करणे अनेक देशांत गुन्हा आहे. जर्मनीत त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा दंड होऊ शकतो. शिवाय बंदी मोडून जर्मनीत राहिलेल्या काळात मुदतीची मोजणी थांबते आणि मुदत वाढवलीही जाऊ शकते. व्हिसाच्या अर्जात पूर्वीचा आदेश लपवणे हेही नव्या नकाराचे कारण ठरते. शेंगेन देशांच्या व्हिसा प्रक्रियेत बोटांचे ठसे घेतले जातात आणि माहिती प्रणालीतही ठसे साठवले जातात. त्यामुळे नाव किंवा पारपत्र बदलल्याने बंदी टळत नाही.

## इतर देशांतील तरतुदी

अमेरिकेत १९९६ सालच्या कायद्यानुसार १८० दिवसांहून अधिक, परंतु एका वर्षाहून कमी काळ बेकायदा राहून देश सोडणाऱ्या व्यक्तीवर ३ वर्षांची आणि एक वर्ष वा अधिक काळ राहिलेल्या व्यक्तीवर १० वर्षांची बंदी येते. काही प्रकरणांत, उदाहरणार्थ अमेरिकन पती किंवा पत्नीला अत्यंत हालअपेष्टा सोसाव्या लागणार असल्यास, सूट मागता येते. ब्रिटनमध्ये व्यक्ती स्वखर्चाने व स्वेच्छेने गेली की सरकारी खर्चाने वा सक्तीने, यावर बंदीचा काळ अवलंबून असून तो १ ते १० वर्षांचा असतो. या देशांच्या बंदीचा शेंगेन प्रणालीतील नोंदीशी थेट संबंध नसतो.

## टीका आणि प्रस्तावित बदल

बंदीचा उद्देश परतीच्या आदेशांना वजन देणे आणि स्वेच्छेने निघून जाण्यास उत्तेजन देणे हा आहे. तथापि दीर्घ बंदीच्या भीतीने काही व्यक्ती देश सोडण्याऐवजी लपून राहणे पसंत करतात, असा आक्षेप घेतला जातो. मुदत बाहेर पडल्यावरच सुरू होत असल्यामुळे त्यांची अडचण दरवर्षी वाढतच जाते. दूरच्या देशातून, परक्या भाषेत आणि अल्प मुदतीत अपील करावे लागणे ही दुसरी अडचण होय. ११ मार्च २०२५ रोजी युरोपीय आयोगाने २००८ च्या निर्देशाऐवजी सर्व देशांना थेट लागू होणारा नियम आणण्याचा प्रस्ताव मांडला. त्यात बंदीची कमाल मुदत १० वर्षांपर्यंत वाढवण्याची आणि एका देशाच्या परतीच्या आदेशाला इतर देशांनी मान्यता देण्याची तरतूद सुचवलेली आहे.